पाऊस, ताप आणि काकांच्या वह्या: माझं मॉडेल उलटं का बोलतंय?

खळ्यातून (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०:४०

मंडळी, लांबण आहे. घाई असेल तर शेवटचा परिच्छेद वाचा आणि थेट शिव्या द्या.

माझ्या काकांचा माणगाव खोऱ्यात दवाखाना होता. कुडाळ तालुका, घाटाच्या अगदी पायथ्याशी. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे बंद केला. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा माळ्यावर आमसुलांच्या डब्यामागे त्यांच्या वह्यांचा गठ्ठा सापडला. लाल कापडी पुठ्ठा, दिवसाला एक पान. तारीख, नाव, वाडी, तक्रार, औषध आणि शेवटी पैशांचा रकाना. मी पुण्यात पोटासाठी आकडेमोडच करतो, त्यामुळे हात शिवशिवले. काकांची परवानगी घेतली, नावं सोडून बाकी सगळं एक्सेलमध्ये उतरवलं. २०११ ते २०१९, जून ते ऑक्टोबर. नऊ पावसाळे. पाठ धरली, पण उतरवलं.

प्रश्न एवढाच: पाऊस पडल्यावर किती दिवसांनी ताप वाढतो?

रोजचे पेशंट म्हणजे मोजणीचे आकडे, आणि तेही बारके. आज २, उद्या ०, परवा ६. त्यांना सरळ रेषेचं गणित लावलं तर एखाद्या दिवशी उणे दीड पेशंट असलं उत्तर येतं. म्हणून पॉयसाँ रिग्रेशन. (हे गणित गाजलं ते १८९८ मध्ये, बोर्टकिविचने प्रशियाच्या घोडदळात घोड्याची लाथ लागून मेलेले सैनिक मोजले तेव्हा. आमच्याकडे घोडे नाहीत, उंदीर आहेत.) पॉयसाँत सरासरी आणि पसारा सारखा लागतो. माझ्याकडे पसारा बराच जास्त, कारण ताप एकट्यादुकट्याला येत नाही, एका घरात चौघांना येतो. म्हणून मग निगेटिव्ह बायनोमियल, म्हणजे पसारा जास्त असला तरी चालणारं पॉयसाँचं भावंड.

त्यावर डिस्ट्रिब्युटेड लॅग नॉन-लिनियर मॉडेल, थोडक्यात डीएलएनएम. गास्परिनी, आर्मस्ट्राँग आणि केनवर्ड यांनी २०१० मध्ये मांडलेलं, आर या आकडेमोडीच्या संगणकभाषेत फुकट मिळतं. (लॅग म्हणजे पाऊस आणि ताप यांच्या मधल्या दिवसांचं अंतर.) यात दोन गोष्टी एकदम बघता येतात. एक, आजच्या पावसाचा परिणाम उद्या किती, आठव्या दिवशी किती, एकविसाव्या दिवशी किती. दोन, १०० मिलिमीटरचा परिणाम १० मिलिमीटरच्या दहापटच असला पाहिजे असं ते धरून चालत नाही.

आता गोची. आमच्याकडे पावसाळी ताप म्हटलं की लेप्टोची शंका आधी (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पाण्यात-चिखलात उतरणाऱ्या जंतूंचा ताप). जंतू अंगात शिरल्यापासून ताप यायला साधारण ५ ते १४ दिवस लागतात. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात टेकाड दिसायला हवं. माझ्या आलेखात तिथे ताप जवळजवळ सपाट! तिसऱ्या आठवड्यानंतर कुठे चढतो. आणि दुसऱ्या आठवड्यात काय चढतं, तर पोटाच्या तक्रारी. घाण पाण्याने पोट बिघडतं हे मान्य, पण ते दोन-तीन दिवसांत बिघडेल ना, दहा दिवस थांबेल कशाला?

कुठे चुकतंय?

तिरफळ | रविवार, रात्री ११:०५

पावस इलो काय ताप येतां, ह्या माझ्या आजयेक पन म्हायत होता. तेच्यासाठी कंप्युटर कित्याक व्हयो रे?

पडाव | रविवार, रात्री ११:४८

तिरफळ, आजयेला 'येतो' हे माहीत होतं, 'किती दिवसांनी' हा प्रश्न आहे. :)

खळ्यातून, काम छान आहे. आता खोड्या काढतो, सवय आहे.

पहिली खोडी ऋतूची. पावसाळ्यात सगळंच वाढतं. श्रावणात घरोघरी पातोळ्या होतात आणि त्याच सुमारास तापाचे पेशंट वाढतात. हळदीची पानं किती खपली याचा आकडा मिळाला तर मी तुला सिद्ध करून देतो की पातोळ्यांनी लेप्टो होतो. म्हणून मॉडेलमध्ये ऋतूचा चढउतार आधी वेगळा काढायचा, त्यासाठी काळाची स्प्लाइन टाकतात, म्हणजे लवचीक वाकणारी रेघ. ती रेघ उरकली की उरतो तो प्रश्न: याच आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त पाऊस झाला, तर पुढे नेहमीपेक्षा जास्त ताप आला का? तू काय टाकलंयस?

दुसरी, वार. रविवारी दवाखाना बंद असेल तर सोमवारी गर्दी, आणि ती पावसाने नव्हे.

तिसरी, गणपती. चाकरमानी आले की गाव दुप्पट. पेशंट वाढले म्हणजे आजार वाढला असं नाही, माणसंच वाढली. आणि नुसता महिना टाकून हे धरता येत नाही, कारण गणपती सरकतात. २०१२ ला १९ सप्टेंबरला होते, २०१७ ला २५ ऑगस्टला.

चौथी आणि सगळ्यात मोठी: पाऊस कुठला घेतलास?

खळ्यातून | सोमवार, सकाळी ८:१५

ऋतूसाठी नुसते महिने टाकले होते. वार टाकला नव्हता. गणपती डोक्यातच आले नाहीत, आणि तेही कुडाळच्या माणसाच्या! पाऊस वेंगुर्ल्याच्या वेधशाळेचा.

पडाव | सोमवार, सकाळी ९:०२

माणगाव खोऱ्याला वेंगुर्ल्याचा पाऊस? वेंगुर्ल्याहून आंबोली सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, आणि वर्षाचा पाऊस तिथे दुपटीहून जास्त. तुझं गाव या दोघांच्या मध्ये कुठेतरी.

हवामान खात्याचा जाळीदार पाऊस मिळतो, ०.२५ अंशाचे चौकोन, पार १९०१ पासून. पण तो चौकोन म्हणजे सुमारे २७-२८ किलोमीटर बाजूचा. आपल्याकडे तेवढ्यात खाडी, सखल भाग आणि घाटमाथा तिन्ही मावतात आणि त्यांची सरासरी होते. त्यापेक्षा तुमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे बघ, कृषी खात्याकडे मंडळवार असतात.

साडेआठची_नोंद | सोमवार, दुपारी २:३०

मी आयुष्यभर किनाऱ्यावरच्या वेधशाळांत निरीक्षक होतो, आता घरी नातवंडं निरखतो. एक गोष्ट तुम्ही दोघांनीही विचारली नाहीत म्हणून लिहितो.

पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही. तो सकाळी साडेआठला बदलतो. १५ तारखेपुढे जो आकडा छापलेला असतो तो १४ च्या सकाळी साडेआठपासून १५ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस. म्हणजे त्यातला बराचसा १४ तारखेलाच पडून गेलेला. सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण देतो. सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर नोंदले गेले २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला, आणि अख्खी मुंबई त्याला '२६ जुलै' म्हणते. मुंबई बरोबर म्हणते. तुमचं एक्सेल मात्र २७ म्हणेल.

आणि पडाव यांच्या मुद्द्याला जोड: त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. एकच शहर.

आणखी एक. कोरं आणि शून्य यांत घोटाळा करू नका. पर्जन्यमापक कोरडा होता म्हणजे ०. निरीक्षक आजारी होता म्हणजे कोरं. नव्या मुलांच्या तक्त्यांत दोन्हीकडे ० भरलेला पाहिलाय.

हायवे_६६ | सोमवार, दुपारी ३:१०

याचं ॲप करा ना राव! 'उद्या तुमच्या वाडीत ताप येणार' असा मेसेज. पैसेच पैसे.

वायंगण | सोमवार, संध्याकाळी ७:२०

शेतकरी आहे, आकडे कळत नाहीत. पण एक सांगतो. पावसाने ताप येत नाही, लावणीने येतो.

मिरगात कितीही पडू दे, माणूस पडवीत बसलेला असतो. पाणी शेतात, उंदीर बिळात नाहीतर बांधावर. जंतू अंगात शिरणार कधी? तरवा (भाताची रोपं) काढायला आणि लावणीला आपण गुडघाभर चिखलात उतरतो तेव्हा. दिवसभर ओणवं. पायांच्या बोटांत चिखल्या झालेल्या, हाताला तरव्याच्या मुठी बांधून चिरा पडलेल्या. मुठीच्या चिरा बघायच्या असतील तर आत्ता माझा हात बघा, फोन धरवत नाही.

म्हणजे पाऊस आणि ताप यांच्या मध्ये एक लावणी आहे. एखाद्या वर्षी पाऊस लवकर येतो पण दडी मारतो, मग लावणी लांबते आणि तापही लांबतो. तुमच्या गणितात लावणी कुठे आहे?

आमच्याकडे म्हातारे तारखा सांगत नाहीत, नक्षत्रं सांगतात. मिरगात पेरा, आर्द्रात उकळ-फोड, तरण्या पावसात लावणी, म्हाताऱ्या पावसात अंथरूण.

पडाव | सोमवार, रात्री १०:१५

वायंगण, तुमच्या शेवटच्या ओळीवरून मी तासभर आढ्याकडे बघत बसलोय.

सूर्य एका नक्षत्रात १३-१४ दिवस असतो. पुनर्वसू म्हणजे तरणा, त्याच्या पुढचं पुष्य म्हणजे म्हातारा. लावणी आणि अंथरूण यांत एक नक्षत्र. लेप्टोचा ५ ते १४ दिवसांचा हिशेब त्यात चपखल बसतो. आम्ही ज्याला लॅगचा गट म्हणतो तो तुमच्या म्हाताऱ्यांनी पंचांगातून फुकट घेतला.

खळ्यातून, लावणीच्या तारखा मिळतील? वर्षाला एक जरी अंदाजे आठवडा मिळाला तरी मॉडेलमध्ये पाऊस गुणिले लावणी असं टाकता येईल. लावणी चालू असतानाच्या पावसाचा परिणाम वेगळा, नसतानाचा वेगळा.

सुरंगी | सोमवार, रात्री ११:३०

आरोग्यसेविका आहे. दिवसभर फिरून आलेय, थोडक्यात लिहीन म्हणते.

तुमच्या वहीतली तारीख तापाची नाही, दवाखान्यात आल्याची आहे. लावणीत ताप आलेला माणूस त्याच दिवशी येईल? पैरा घातलेला असतो. आज त्यांची माणसं आपल्या शेतात, उद्या आपण त्यांच्या. मध्ये बसून चालत नाही. मेडिकलमधून गोळी घेतात, काढा घेतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी येतात, डोळे लालबुंद करून. बायका तर त्याहून उशिरा. आम्ही घरोघरी जाऊन हेच विचारतो: ताप कधीपासून? आमच्या फॉर्मवर त्यालाच किंमत. काका जुने डॉक्टर, 'किती दिवस' हे नक्की लिहीत असणार. बघा.

हायवे_६६, मेसेज पाठवायला ॲप नको. शेतात उतरणाऱ्याने डॉक्टरांना विचारून आठवड्याची डॉक्सीची (डॉक्सिसायक्लिन) गोळी घेतली आणि चिखल्या झाकल्या तरी पुष्कळ. गोळी पिशवीत घेऊन आम्ही बांधावर जातो, तर मोबाइल घरी चार्जिंगला आणि माणूस शेतात असतो. तुमचा मेसेज वाचणार कोण?

आणि खळ्यातून, काका तक्रारीच्या रकान्यात नक्की काय लिहायचे? दोन-तीन ओळी जशाच्या तशा टाइप करा बघू. नाव-वाडी नको.

खळ्यातून | मंगळवार, सकाळी ७:५०

ऑफिसला निघता निघता. २०१४ ची वही, जुलै:

"ताप ३ दि., डोके, अंग."
"ताप ४ दि., पोट. +, डोळे लाल"
"ताप ५ दि., पोट. ++, लघवी पिवळी"

'३ दि.' आहे की! मी ते उतरवलंच नव्हतं, उगाच रकाना वाढतो म्हणून. आता पुन्हा नऊ वह्या. ताप आणि पोट दोन्ही असेल तिथे मी 'पोटाच्या तक्रारी' या गटात टाकलं होतं.

सुरंगी | मंगळवार, सकाळी ८:०४

अहो ते पोट नाही!

पोट. वर टिंब आहे. पोटऱ्या. पोटऱ्या दुखतात, दाबल्या की माणूस ओरडतो. अधिक चिन्ह त्याचंच. ताप, पोटऱ्या, लाल डोळे, पिवळी लघवी. तुम्ही सगळा लेप्टो नेऊन जुलाबात टाकलात.

तिरफळ | मंगळवार, सकाळी ८:२१

मेल्या, बायन दोन मिनटात काढल्यान ता तुझ्या आराक नऊ पावसात जमला नाय.

खळ्यातून | मंगळवार, रात्री ९:४५

काकांना फोन केला. संवाद जसाच्या तसा:

"काका, पोट टिंब म्हणजे?"
"पोटऱ्या."
"मग पोट दुखत असेल तर काय लिहायचात?"
"उदर."
"..."
"तुझ्या आजोबांनी संस्कृत शिकवलंन मला. तुला कोणी शिकवलंन नाही?"

पुढे विचारलं, तुम्ही याला लेप्टो का नाही लिहीत? म्हणाले, "तपासणी केल्याशिवाय नाव कसं देणार? मी जे बघितलं ते लिहिलं." म्हणजे आपल्याकडे आहे ती लक्षणं, खात्रीचा लेप्टो नव्हे. यातल्या काहींना दुसराच ताप असेल. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कुणीतरी धाग्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवेल.

उकाडा | मंगळवार, रात्री १०:३०

थोडं विषयांतर. आमच्या अलिबागला एप्रिल-मेमध्ये पारा ३४ च्या पुढे फारसा जात नाही, तरी आईला रात्रभर घाबरल्यासारखं होतं. विदर्भातली वहिनी हसते, म्हणते ३४ म्हणजे आमच्याकडे थंडी. याचा अभ्यास होतो का कुठे?

पडाव | मंगळवार, रात्री ११:१०

उकाडा, होतो. जगभर डीएलएनएम सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते तापमान आणि मृत्यू यांवरच. २०१५ मध्ये लॅन्सेटमध्ये १३ देशांतल्या ७.४ कोटी मृत्यूंचा अभ्यास आला. त्यात तापमानामुळे झालेल्या मृत्यूंत उन्हाळ्यापेक्षा थंडीचा वाटा कितीतरी मोठा निघाला. उन्हाचा घाव दोन-चार दिवसांत दिसतो, थंडीचा तीन आठवडे रेंगाळतो. पण त्या १३ देशांत भारत नव्हता, त्यामुळे ते आकडे उचलून कोकणाला चिकटवू नयेत. आपल्याकडे अहमदाबादने २०१० च्या मे महिन्यातल्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झालेले मोजले, आणि २०१३ मध्ये उष्णतेसाठी शहराचा कृती आराखडा केला.

वहिनींना सांगा, उष्णतेची लाट ठरवताना हवामान खातंसुद्धा किनाऱ्याला वेगळं माप लावतं. मैदानात ४०, किनाऱ्यावर ३७, आणि वर नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त. तरी त्यात दमटपणा नाहीच.

साडेआठची_नोंद | बुधवार, सकाळी ९:१५

दमटपणासाठीच तर ओल्या फडक्याचा तापमापक. पांढऱ्या पेटीत दोन तापमापक शेजारी शेजारी, एकाच्या गोळ्याला मलमलीचा तुकडा, त्याची वात खालच्या बाटलीतल्या पाण्यात. पाणी सुकतं तसा गोळा गार होतो. दोघांत फरक जास्त तर हवा कोरडी. एप्रिलच्या रात्री आमच्याकडे फरक अगदी थोडा, म्हणजे घाम सुकायला जागाच नाही. तुमच्या आईच्या अंगाची तीच मलमल झालेली असते.

पण खाऱ्या वाऱ्याने त्या मलमलीवर मीठ बसतं. हाताला खरखरीत लागली की समजायचं. मग पाणी नीट सुकत नाही आणि आकडा खराहून जास्त दाखवतो. मैदानातल्या वेधशाळेपेक्षा आम्हाला ती लवकर बदलावी लागायची. बदलली नाही तर कागदावर हवा उगाच दमट. पुढे कुणी त्या आकड्यांवर पीएचडी करणार.

खळ्यातून | रविवार, रात्री ११:५०

नऊ वह्या पुन्हा झाल्या. बायको म्हणते, आता तूच दवाखाना उघड.

काय बदललं: (१) 'पोट.' पुन्हा तापात, आणि वेगळा गट म्हणूनही. (२) तारीख आल्याची नाही, 'किती दि.' वजा करून ताप सुरू झाल्याची. जिथे काकांनी दिवस लिहिले नव्हते त्या नोंदी बाजूला ठेवल्या. (३) पाऊस एक दिवस मागे सरकवला. (४) महिन्यांऐवजी स्प्लाइन, शिवाय वार आणि गणपतीचे दहा दिवस. (५) लावणीचे आठवडे आईने आणि शेजारच्या आजींनी भांडून ठरवले, सात वर्षांवर एकमत, दोन वर्षं तह.

काय दिसलं: पोटऱ्यांचा ताप लावणीतल्या पावसानंतर दुसऱ्या आठवड्यात चढतो. लावणी नसताना तेवढाच पाऊस पडला तर जवळजवळ हलत नाही. वायंगण, तुमचा मुद्दा. अंदाजाभोवतीचा अनिश्चिततेचा पट्टा मात्र रुंद आहे, एकच दवाखाना आणि बारके आकडे, त्यामुळे 'अमुक पट' असलं काही मी लिहिणार नाही.

पण तीन आठवड्यांनंतरचं टेकाड तिथेच आहे! पोटऱ्या काढून टाकल्या तरी. नुसता ताप, थंडी वाजून. ते काय?

सुरंगी | सोमवार, सकाळी ७:४०

डास. पाणी साचलं, अंडी, अळी, डास व्हायला आठ-दहा दिवस. मग त्याने आजारी माणसाला चावायचं, डासाच्या पोटात जंतू तयार व्हायला पुन्हा तेवढेच. मग तुम्हाला चावणार, मग तुमचे दिवस. करा बेरीज. आणि धो धो पडला तर अळ्या वाहून जातात, म्हणून जास्त पाऊस म्हणजे जास्त डास असंही नाही. उघडीप पडल्यावर बघा.

पडाव | सोमवार, सकाळी ९:३०

आणि हे डीएलएनएममध्ये दिसलं पाहिजे, नॉन-लिनियर त्यासाठीच आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याचा काप घेऊन पावसाच्या आडव्या अक्षावर बघ. मध्यम पावसाला वर आणि मुसळधारेला खाली वाकतो का? लॅग २८ वर तोडलायस तो ३५ पर्यंत ने, नाहीतर टेकाड अर्धंच दिसतंय.

मंडळाच्या पर्जन्यमापकाचं काय झालं?

खळ्यातून | सोमवार, रात्री १०:०५

मध्यम पावसाला वर जातो. मुसळधारेकडे पट्टा एवढा फाकतो की खाली वाकतो म्हणायला धजत नाही. मंडळाचे आकडे शेवटच्या काही वर्षांचेच हाती लागलेत, त्यामुळे अजून वेंगुर्ल्यावरच भागवतोय. तो प्रश्न सुटलेला नाही.

आणखी एक कोडं. २०१३ च्या वहीत शेवटच्या पैशांच्या रकान्याच्या आधी मध्येच "ना. २", "ना. ४", एकदा "ना. १०" असं येतं. मी नाडीशी संबंधित काही असेल म्हणून तो रकाना ठेवलाय. सुरंगीताई?

सुरंगी | सोमवार, रात्री १०:२०

नाडी चार असेल तर माणूस दवाखान्यात कशाला येईल?

वायंगण | सोमवार, रात्री १०:२२

नारळ रे बाबा. लावणीत रोख कुणाकडे असते?

खळ्यातून | सोमवार, रात्री १०:४१

काकांना विचारलं. नारळच. दहावाला कोण होता तेही सांगितलंन, आणि त्यातले तीन कुजके निघाले हेही.